लेकीचा किस्सा स्टेजवर सांगावा का?

प्रश्न: पत्रलेखक पुण्याचे, वय 46, खासगी कंपनीत नोकरी. कॉलेजच्या दिवसांत चौघा मित्रांचा रॉक बँड होता. हे गिटार वाजवायचे आणि गायचे. मुंबईच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या रॉक महोत्सवात वाजवलं, लोक रस्त्यात ओळखायला लागले. मग ड्रमर नोकरीसाठी अमेरिकेला गेला आणि सगळं थांबलं. दोन वर्षांपासून ते मराठीत विनोदी गप्पांचा एकट्याचा कार्यक्रम करतात. बँडच्या काळातले किस्से, चालू घडामोडी आणि घरातल्या गमती, मधूनमधून गिटार. कार्यक्रम जोरात चाललाय. मध्यंतरी त्यांची पंधरा वर्षांची मुलगी दार लावून वर्गातल्या एका मुलाशी फोनवर बोलत होती. ते बोलणं यांनी दाराबाहेरून ऐकलं आणि स्टेजवर नकलेसकट सांगितलं. आयोजकांनी क्लिप टाकली, ती फिरत फिरत तिच्या वर्गापर्यंत पोचली. मुलगा कोण, हेही मुलांनी ओळखलं. तेव्हापासून मुलगी जेवताना बोलत नाही. काही विचारलं की म्हणते, ‘हेपण स्टेजवर सांगणार का?’ बायको सुरुवातीच्या प्रयोगांना सगळ्यांत मोठ्यानं हसायची, आता म्हणते, घरचं चव्हाट्यावर मांडणं बास. आईला मात्र स्वतःवरचे किस्से आवडतात, ती पहिल्या रांगेत बसते. पत्रलेखक म्हणतात: बँडचे किस्से वीस मिनिटांत संपतात, राजकारणावर बोलायची भीती वाटते, घर हा त्यातल्या त्यात सुरक्षित विषय आणि हशा तिथेच येतो. आता परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळानं बोलावलंय. त्यांची अट: राजकारण नको, कौटुंबिक विनोद हवा. ‘घरच्यांना विनोद कळत नाही, की मीच चुकतोय? घर वगळलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं उरतं काय?’

नमस्कार,

तुमच्या पत्रातला ‘सुरक्षित’ हा शब्द मला सारखा टोचत राहिला, म्हणून तिथूनच सुरुवात करते. घर सुरक्षित विषय आहे, पण कोणासाठी? मंत्र्यावर बोललात तर कार्यकर्ते येतील, नोटीस येईल, हॉलवाला पुढच्या वेळी जागा देणार नाही. ही भीती खोटी नाही. मार्च 2025 मध्ये मुंबईत खारच्या हॅबिटॅट या विनोदी कार्यक्रमांच्या जागेत एका राजकीय विनोदावरून तोडफोड झाली आणि चालकांनी जागा बंद करत असल्याचं जाहीर केलं, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. नोकरी, घराचे हप्ते आणि म्हातारी आई असलेल्या माणसानं अशा वेळी हात आखडता घेतला, तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही.

पण मग तुम्ही बोलायला निवडलं कोणाला? जी तुमच्यावर केस करू शकत नाही, जिच्याकडे माईक नाही, जिला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच वर्गात जाऊन बसावं लागतं, तिला. तिच्या हातात एकच गोष्ट होती, तुमच्याशी बोलणं थांबवणं. ती तिनं केली. तुम्हाला तो रुसवा वाटतोय. मला वाटतं, तिनं आपल्यापुरता बंदोबस्त केलाय. जे बोललंच नाही ते स्टेजवर जाणार नाही, इतका साधा हिशोब आहे तिचा. या घडीला घरात तिच्याइतका स्पष्ट विचार कोणी करत नसेल.

आता विनोद कळण्याबद्दल. तुमच्या बायकोला तो कळतो, तुम्हीच लिहिलंय की ती सगळ्यांत मोठ्यानं हसायची. मधल्या काळात तिची विनोदबुद्धी गेली नाही, समोरचे लोक बदलले. एखाद्या कॅफेत पन्नास माणसं बसलेली असतात, त्यांना तुम्ही तासभर ओळखीचे झालेले असता, तुमच्या मायेचा अंदाज त्यांना आलेला असतो. किस्सा तिथे उगवतो आणि तिथेच विरतो. क्लिप मात्र पन्नास सेकंदांची. तिला मागचा तासही नाही आणि तुमचा चेहराही धड नाही. तुम्ही आधी काय म्हणालात, नंतर मुलीबद्दल किती कौतुकानं बोललात, ते सगळं कापलं जातं आणि उरतो एका मुलीचा फोन. तुमच्या पत्नीनं कॅफेतल्या पन्नास माणसांना मनातल्या मनात होकार दिला होता. क्लिपसाठी तिला कोणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे ‘आधी तर चालत होतं की’ असं तुम्ही म्हणाल, तर ते टिकत नाही. आधी जे चालत होतं ते वेगळं होतं.

आपण तो किस्साच जरा जवळून पाहू, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. एकेकाळी ज्याच्या अॅम्प्लिफायरनं अख्ख्या वाड्याची झोप उडवली, शेजाऱ्यांनी ज्याच्या वडिलांकडे तक्रारी केल्या, तो माणूस आज स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करून, चप्पल काढून, लेकीच्या दाराला कान लावून उभा आहे. हे खरोखर विनोदी आहे. मी पत्र वाचतानाच हसले. पण यात मुलगी काय बोलली ते कुठे आलं? तो मुलगा कुठे आला? ते दोघं नसले तरी चित्र पूर्ण आहे. उलट तुम्ही तिचे शब्द आणि तिचा आवाज काढून दाखवायला लागता, तेव्हा हशाचं तोंड तुमच्याकडून तिच्याकडे वळतं. आणि त्या क्षणी हॉलमधल्या प्रत्येक बापाला बरं वाटतं, कारण आता त्याच्यावर कोणी हसत नाहीये. हशा मोठा येतो तो त्यामुळे. मोठा हशा चांगलाच असेल असं नाही, हे तुमच्यासारख्या स्टेजवर वाढलेल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

तरीही सांगते, हा विशिष्ट किस्सा आता दुरुस्त करायचा नाही, सोडून द्यायचा. नावं वगळली, वर्ग बदलला, मुलाऐवजी मैत्रीण केली, तरी तिला तो ऐकताना तेच आठवणार.

कुटुंबावर विनोद करूच नये, असं माझं म्हणणं अजिबात नाही. ते म्हटलं तर मराठीतला निम्मा विनोद कोपऱ्यात ठेवावा लागेल. एकनाथांच्या भारुडातली ती सून आठवा. भवानीला रोडगा कबूल करते आणि बदल्यात सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर एकेकाची वाट लावून मागते. शेवटी नवराही सुटत नाही. चारशे वर्षं आपण त्यावर हसतोय. ती सासू कोणा एकीची नाही, त्यामुळे ऐकणारी प्रत्येकजण आपापली सासू मनात घेऊन बसते. आणि बोलतेय कोण? घरात जिचं सगळ्यांत कमी चालतं ती. त्या भारुडाचा अध्यात्माचा अर्थ निराळा आहे, तो आपल्या जागी. पण हसण्याची दिशा पाहा: खालून वर. तुमचा किस्सा वरून खाली जातो. बाप बोलतो, लेक गप्प.

तुमच्या जगातलं उदाहरण द्यायचं तर ऑझी ऑस्बोर्नचं. ‘ब्लॅक सॅबथ’चा गायक, ज्याला लोक अंधाराचा राजा म्हणायचे, त्याचं घर 2002 ते 2005 या काळात एमटीव्हीवर दाखवलं गेलं. रॉकची कीर्ती आणि घरातला गोंधळ एकत्र आणून हसवण्याचा इतका गाजलेला दुसरा प्रयोग मला माहीत नाही. एवढा भयंकर माणूस टीव्हीच्या रिमोटपुढे हतबल होतो, कुत्र्यांच्या घाणीवरून चिडतो, बायकोपुढे त्याचं काही चालत नाही. लोक त्याच्यावर हसत होते आणि प्रेमही करत होते. इथपर्यंत तुम्हाला शिकण्यासारखं खूप आहे.

पण त्या घरात तीन मुलं होती आणि पडद्यावर दोन दिसत होती. थोरली, एमी, हिनं कॅमेऱ्यासमोर यायला नकार दिला आणि ती घराबाहेर राहायला गेली. धाकटी दोघं, केली आणि जॅक, तेव्हा किशोरवयात होती. मालिका चालू असतानाच, 2003 मध्ये, जॅकला व्यसनमुक्ती केंद्रात जावं लागलं. त्याचं खापर एकट्या मालिकेवर फोडणं बरोबर होणार नाही, त्या घरात व्यसन आधीपासून होतं. मला महत्त्वाचं वाटतं ते एमीचं. तिच्याशिवायही कार्यक्रम झाला. गाजला, टीव्हीसाठीचा ‘एमी’ नावाचा पुरस्कारही मिळाला. एका मुलीनं नाही म्हटलं म्हणून हसणं कमी पडलं नाही. ‘घर वगळलं तर काय उरतं’ असं विचारताना तुम्ही घर म्हणजे एकच गठ्ठा धरून चाललाय. त्यातली एक व्यक्ती वगळून पाहा, एवढंच सध्या मागितलं जातंय.

त्याच न्यायानं तुमच्या आईला वगळायचं कारण नाही. त्यांना आवडतं, त्या पहिल्या रांगेत येऊन बसतात, आणि मला खात्री आहे की चुकीचं सांगितलंत तर घरी आल्यावर सुधारतात. मोठ्या, शहाण्या बाईनं समजून उमजून दिलेला होकार आहे तो, त्याचा मान ठेवा. फक्त आजारपण, औषधं, विसरभोळेपणा अशा गोष्टी घेणार असाल तर त्या त्या वेळी पुन्हा विचारा. ‘आईला सगळं चालतं’ असं कायमचं गृहीत धरू नका. बायकोला वेगळं विचारा, आईला वेगळं, मुलीला वेगळं. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर ‘काय, चालेल ना?’ असं विचारलं की समोरचा हो म्हणतो, त्या होकाराला काही अर्थ नसतो.

बँडचे किस्से वीस मिनिटांत संपतात, यावर माझा विश्वास बसत नाही. ती वीस मिनिटं प्रसिद्धीची असणार. लोकांनी कसं ओळखलं, सही कशी मागितली, हे लवकर संपतंच, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं असतं. उरलेलं तुम्ही सांगतच नाही आहात. धोबीतलावला रंगभवनाजवळ फुर्टाडोजच्या दुकानात काचेआडच्या गिटारीकडे बघत उभी असलेली पोरं, तारांचा एक सेट घ्यायला काढलेली वर्गणी, पहाटेच्या गाडीत सीटखाली सरकवलेले ड्रम. स्वतःचं गाणं सुरू केल्यावर खालून ‘मेटॅलिका वाजव’ म्हणून होणारा आरडाओरडा. आपल्याकडे त्या काळात बँडला स्वतःचं गाणं ऐकवणं किती जड जायचं, हे आजच्या पोरांना ठाऊकच नाही. मुंबईच्या ‘रॉक मशीन’नं 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, ही तेव्हा केवढी धाडसाची गोष्ट होती! 1986 पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ भरायचं, पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातला आवाजच बंद झाला. तुम्ही त्या जागेवर उभे राहिलेले आहात. एका पिढीची आठवण तुमच्या खिशात आहे, आणि तुम्ही लेकीच्या दाराला कान लावताय.

चालू घडामोडींबद्दलही माझं असंच मत आहे. राजकारण म्हणजे नेत्याचं नाव घेऊन टोला, एवढीच व्याख्या कशाला? जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजवून गेले. तिकिटांसाठी लोक अख्खी दुपार मोबाइल धरून ऑनलाइन रांगेत बसले होते, काळ्या बाजारावरून पोलिसांत तक्रारी गेल्या. त्या रांगेत तुमच्या ओळखीचं कोणी नव्हतं का? किंवा मागे जा. 1 नोव्हेंबर 1996 ला मायकल जॅक्सन अंधेरीत गायला. शिव उद्योग सेनेनं आणलेल्या त्या कार्यक्रमाच्या करमाफीचं प्रकरण कोर्टात गेलं आणि मंत्रिमंडळानं त्या करमाफीला पुन्हा मंजुरी दिली ती 2021 मध्ये. तोवर गायक जाऊन बारा वर्षं होत आली होती. यात राजकारण आहे, संगीत आहे, आणि तेव्हा कॉलेजात असलेल्या तुम्हाला घरून तिकिटाचे पैसे मिळाले की नाहीत, हा घरगुती भागही आहे. कोणाच्या व्यंगावर जायची गरज नाही, कागदावरची हकिगत नीट सांगितली तरी लोक हसतील. तुमच्या शहरातले खड्डे, सोसायटीची वार्षिक सभा, मेट्रोच्या स्टेशनावरून घरी जायला न मिळणारी रिक्षा, याही चालू घडामोडीच आहेत. धोका शून्य होईल असं मी म्हणत नाही. आजकाल तसं कोणीच म्हणू शकत नाही. पण गप्प बसणं आणि नाव घेऊन ठोकणं यांच्या मध्ये बरीच जागा आहे.

आता करायचं काय. सगळ्यांत आधी ती क्लिप उतरवा. आयोजकांना आजच फोन करा आणि लेखीही कळवा. इतरांनी पुन्हा टाकली असेल तर प्रत्येक ठिकाणी तक्रार करा. मुलगी अल्पवयीन आहे हे स्पष्ट लिहा, अशा तक्रारीकडे लवकर लक्ष दिलं जाण्याची शक्यता असते. सगळ्या प्रती जाणार नाहीत. तरी तुम्ही बसून एकेक काढताय हे तिला दिसेल, आणि ते दिसणं महत्त्वाचं आहे.

मग तिच्याशी बोला. लांबलचक नको. ‘मी तुझं बोलणं चोरून ऐकलं आणि वर ते सांगितलं, दोन्ही चूक होतं. यापुढे तुला विचारल्याशिवाय तुझ्याबद्दल एक शब्द नाही, आणि तू नाही म्हणालीस तर कारण विचारणार नाही.’ इतकं पुरे. लक्षात घ्या, यात दोन गोष्टी आहेत. तुमच्या पत्रात दुसरीबद्दल पान भरून आहे, पहिलीबद्दल, म्हणजे दाराबाहेर उभं राहून ऐकण्याबद्दल, एक ओळ. तिला कदाचित पहिलीच जास्त लागली असेल. लगेच माफ करेल अशी अपेक्षा ठेवू नका. काही महिने ती तुमच्या प्रत्येक प्रयोगानंतर क्लिपा तपासेल. तपासू दे. तिला स्टेजवर बोलावून सगळ्यांसमोर माफी मागण्याचा मोह झाला, तर तो टाळा. तोही तिच्या नावावर घेतलेला हशा किंवा टाळीच असेल.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, कारण तुमच्या क्षेत्रातल्या माणसाला ती नक्की सुचणार आहे. ‘माझ्या मुलीनं मला तिच्यावर बोलायला बंदी घातलीय’ हा किस्सा करू नका. तो सहज जमेल, हमखास चालेल, आणि दिलेला शब्द पहिल्याच वाक्यात मोडेल.

बायकोकडे नव्या कार्यक्रमाचा मजकूर आधी वाचायला द्या, मंजुरीसाठी म्हणून नाही, पहिली प्रेक्षक म्हणून. त्यांचं हसणं तुम्हाला ठाऊक आहे. कुठे खरं हसल्या आणि कुठे नुसतं ओठ हलवले, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? जिथे थांबल्या तिथे खूण करा. जे वाचक स्टेजवर जात नाहीत पण मुलांचे मार्क, रडणं, पहिलं प्रेम, आंघोळीचे फोटो रोज स्टेटसला लावतात, त्यांच्या घरीही असा एखादा पहिला वाचक हवा. आणि मूल नाही म्हणण्याइतकं मोठं नसेल, तर ते वीस वर्षांचं झाल्यावर हे वाचेल असं धरून लिहावं.

यापुढे प्रत्येक आयोजकाशी ठरवतानाच एक ओळ लिहून घ्या: कार्यक्रमाचा कोणताही भाग माझ्या लेखी संमतीशिवाय प्रसारित करायचा नाही. मानधनाइतकीच ती अट पक्की धरा. बहुतेक आयोजक मान्य करतात. जो करणार नाही त्याच्याकडे घरातलं काहीच सांगू नका, आईचंही नाही.

राहिलं परदेशातलं आमंत्रण. ते घ्या, असं मी म्हणेन. मंडळाला कौटुंबिक विनोद हवाय म्हणजे तुमच्या लेकीचा फोन हवाय, असा अर्थ त्यांच्याही मनात नसणार. सहकुटुंब बसून ऐकता येईल असं काहीतरी, एवढंच त्यांना म्हणायचं असेल. विचारून घ्या. आणि समोर कोण बसणार आहे याचा विचार करा. सन 2000 उजाडताच संगणकांची तारीख चुकेल म्हणून सगळ्या कंपन्यांची धांदल उडाली होती, त्या लाटेत पुण्या-मुंबईची जी मुलं तिकडे गेली, ती आज तुमच्याच वयाची आहेत. त्यातली काही रंगभवनात तुमच्यासमोर घाम गाळत उभी असतील. तुमचा ड्रमर ज्या विमानात बसला, त्यात ती होती. चौघांपैकी एकाला व्हिसा मिळतो आणि बँड बुडतो. त्या एका गोष्टीत तुमची प्रसिद्धी आहे, तेव्हाच्या जगाच्या घडामोडी आहेत आणि ज्याला निरोप द्यायला अख्खं घर विमानतळावर गेलं होतं त्या मुलाचं कुटुंबही आहे. तासभर सहज पुरेल. त्या सभागृहात निम्मे लोक स्वतःच्या निरोपाचं आठवून हसतील.

तेव्हा मंडळाला होकार कळवा, प्रसारणाची अट घाला, आणि लिहायला बसण्याआधी ड्रमरला फोन करा. तिकडे सकाळ होईपर्यंत थांबा. किस्सा त्याचाही आहे, त्यालाही विचारायला हवं.